कागद, पडदा आणि मधला माणूस

२०२३ चा डिसेंबर होता. शाळा सुटली होती. लासूर स्टेशनच्या बाजारात कांद्याचे ट्रॅक्टर रांगेनं उभे होते आणि त्यांच्यातून वाट काढत मी मोटारसायकलवर घरी निघालो होतो. एका हॉटेलसमोर ओळखीच्या काकांनी हात करून थांबवलं. सत्तरी ओलांडलेले शेतकरी. सोबत नातू, आणि नातवाच्या हातात मोबाईल.

"सर, नेटवर नोंद सापडली म्हणतंय पोरगं. पण काय सापडलं तेच कळंना. उर्दूत हाय म्हणत्यात."

नातवानं स्क्रीन माझ्यापुढे धरली. एका जुन्या नोंदवहीच्या पानाचा फोटो होता. कडा पिवळ्या पडलेल्या, शाई पसरलेली, हस्ताक्षर शिकस्ता वळणाचं. शिकस्ता म्हणजे मोडलेलं. नुक्ते गाळून, अक्षरं एकमेकांत गुंतवून भराभर लिहायची ही कारकुनी पद्धत. मी उर्दूचा शिक्षक आहे खरा, पण मुलांना शिकवतो ते छापील, नीटस नस्तालीक. त्या पानावरचं गावाचं नाव मला लागलं. एक बापाचं नाव लागलं. फसली साल १३४३ लागलं. पुढच्या रकान्यातला शब्द मात्र छातीठोकपणे सांगता येईना. चहा थंड झाला. शेवटी मी त्यांना शहरातल्या एका बुजुर्ग उस्तादांकडे पाठवलं. त्या नोंदीत पुढं काय निघालं ते त्यांच्या घरचं, इथं सांगायचं कारण नाही.

ते दिवस आठवत असतील. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली होती. निजामकाळातली दप्तरं उघडली जात होती. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली होती. सापडलेल्या नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर येत होत्या. काम मोठं होतं आणि आवश्यकही.

पण त्या संध्याकाळी घरी जाताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. ते पान फुकट होतं, चोवीस तास उघडं होतं, कुणाची परवानगी लागत नव्हती, आणि तरी काकांना माझी गरज पडली. कागद त्यांच्याच घरातला. त्यांच्यात आणि त्या कागदात एक माणूस उभा होता, आणि तो मी होतो.

संकेतस्थळ लोकांना सोपं कसं करावं यावर हल्ली पुष्कळ बोललं जातं. रंग, बटणं, मांडणी यांची चर्चा होते. मला वाटतं, आपल्या मुलखाच्या इतिहासातून याची एक साधी कसोटी निघते: माणूस आणि त्याचा कागद यांच्यामध्ये किती माणसं उभी राहतात?

तीन लिप्यांचा मुलूख

आमच्या गावाच्या नावातच स्टेशन आहे. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाडहून हैदराबादकडे जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली, आणि या लाईनवर जिथं गाडी थांबली तिथं पेठ वसली. त्या काळात इथल्या शेतकऱ्याचं आयुष्य तीन लिप्यांत लिहिलं जाई. गावपातळीवर पटवारी मोडीत लिही. तहसील, तालुका, अदालत यांचा कारभार वर जाता जाता उर्दूत जाई. राज्याची दरबारी भाषा आधी फारसी होती, १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूनं घेतली. आणि पोथ्या, शाळेची पुस्तकं बाळबोध, म्हणजे आजच्या देवनागरीत.

एकाच शेताची हकीकत अशी तीन ठिकाणी, तीन लिप्यांत. बरं, रकमाही सरळ आकड्यांत नसत. जुन्या हिशेबात सियाक नावाचे आकडे असत, अरबी शब्दांची आखूड केलेली रूपं. साल फसली. हैदराबादच्या फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे काकांच्या पानावरचं १३४३ हे १९३३-३४. हे गणित ज्याला माहीत नाही त्याच्यासमोर पान असून नसल्यासारखं.

माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, आसपासच्या गावांत कागद वाचून देत. कुणी समन्स आणी, कुणी खरेदीखत, कुणी पावती. मोबदला म्हणून कधी पायलीभर ज्वारी, कधी नुसती दुआ. तहसीलपुढे अर्जनवीस बसत. ते अर्ज लिहून देत आणि साहेबाचा शेरा वाचून दाखवत. यातले बरेच भले होते. पण ज्याच्या हाती वाचणं त्याच्या हाती माणूस, ही गोष्ट भलेपणानं बदलत नाही. वाचणाऱ्यानं एक रकाना गाळून वाचला तरी ऐकणाऱ्याला कुठं कळणार होतं?

हे एकट्या उर्दूचं पाप होतं असं कुणी समजू नये. मोडी मराठीच होती, आणि तीही कुणब्याला वाचता येत नसे. दरबाराची लिपी कोणतीही असो, रयतेला ती परकीच होती. इथं मी माझ्याच भाषेची बाजूही घेत नाही. दादा हयात असताना उर्दू कागद आमच्या घराला ज्वारी देत होता, हे मी विसरलेलो नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा, पण लागू झाला १५ ऑगस्ट १९६७ पासून, आणि साऱ्या राज्याला महसुलाचा एक कायदा मिळाला. आमच्याकडे सातबारा रुळला.

सातबाऱ्याला आपण शिव्या फार देतो, पण मांडणी म्हणून त्याच्याकडे कधी पाहिलंय? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एका पानावर. सातमध्ये जमीन कुणाची, किती, तिच्यावर बोजा काय. बारामध्ये पीक काय. अक्षरओळख नसलेला शेतकरीसुद्धा आपलं नाव कुठल्या चौकटीत यायला हवं ते बोटानं दाखवतो. हक्क गेलेल्या माणसाच्या नावाला तलाठी कंस करी. "नावाला कंस पडला" हा वाक्प्रचारच झाला. आता हा कंस म्हणजे नाव गेलं, हे नवख्याला कसं कळावं? २०२० मध्ये नमुना सुधारला तेव्हा कंसाऐवजी अशा नोंदीवर आडवी रेष मारायचं ठरलं. बदल एवढासाच. पण खोडलेलं खोडल्यासारखं दिसू लागलं. त्यासाठी आता कुणाला विचारावं लागत नाही. सोपं करणं म्हणतात ते हे.

मनमाडला गाडी बदलायची

आता पडद्याकडे येऊ. त्याआधी पुन्हा थोडं रेल्वेकडे. आमची लाईन मीटर गेज होती आणि मुंबईची ब्रॉडगेज. दोन्ही मनमाडला भेटत, पण रूळ जुळत नसत. त्यामुळं माणसांनी उतरून गाडी बदलायची आणि माल हमालांनी एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत टाकायचा. औरंगाबादपर्यंत ब्रॉडगेज आली ती थेट १९९० च्या दशकात. जवळपास शतकभर मनमाडचे हमाल आमच्या मधली माणसं होते.

संगणकावरच्या मराठीचं नेमकं हेच झालं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. भारतीय भाषा संगणकात आणण्याचं मोठं काम तिथं झालं. इस्की नावाची भारतीय लिप्यांची मानक संकेतावली १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं पक्की केली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. म्हणजे रूळ एक करण्याची योजना कागदावर तयार होती.

पण आपण पंधरा-वीस वर्षं वेगळ्याच रुळांवर धावलो. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी, सुरेख असे फाँट घराघरांत आणि छापखान्यांत आले. त्यांची युक्ती अशी की संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच टाईप करत होता, फाँट त्यांच्या जागी देवनागरीची चित्रं काढत होता. मराठी दिसत होती, पण आत मराठी नव्हती. फाँट असलेल्या संगणकावर ती मराठी, नसलेल्यावर कचरा. माझ्या पिढीच्या प्रत्येक शिक्षकानं हा कचरा पाहिलाय. रात्री जागून प्रश्नपत्रिका टाईप करायची, सकाळी पेन ड्राईव्ह घेऊन झेरॉक्सवाल्याकडे जायचं, आणि फाईल उघडली की समोर कंस, टक्के आणि डॉलर. मग झेरॉक्सवाला म्हणणार, "सर, फाँट आणला का?" तोच आमचा मनमाडचा हमाल.

संकेतस्थळांवर याचा परिणाम फार खोल होता. अशा पानावर मराठी शब्द शोधून सापडत नसे, कारण आत तो शब्दच नव्हता. पान उघडण्याआधी "फाँट उतरवून घ्या" अशी सूचना असे. ज्याला संगणक येतो त्याच्यासाठी दोन मिनिटांचं काम. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसलेल्या पोरासाठी तिथंच दार बंद. मायबोली १९९६ पासून आहे. पण साध्या माणसाला विनासायास मराठी वाचता-लिहिता यावी असे दिवस युनिकोड रुजल्यावरच आले. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली. त्यातला मंगल हा फाँट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. आज तो कुणाला देखणा वाटत नाही, पण सरकारी कचेरीतला संगणक मराठी दाखवू लागला त्यात त्याचा मोठा वाटा आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासूनचा. ओंकार जोशी यांच्या गमभनसारख्या साधनानं साध्या इंग्रजी कळफलकावरून मराठी लिहिण्याची सोय झाली.

रूळ एक झाले तरी बारीक अडचणी उरल्याच. समुद्राचा "दर्या" आणि डोंगरातल्या "दऱ्या" यांतला फरक मराठी वाचकाला लगेच जाणवतो, हिंदीसाठी घडवलेल्या फाँटला जाणवत नाही. ल आणि श यांचं आपलं वळण वेगळं. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयानं मराठी वर्णमाला आणि लिपीचं रूप प्रमाण ठरवलं, पण पान बनवणाऱ्यानं त्या पानाची भाषा मराठी आहे हे संगणकाला सांगितलंच नाही, तर तो त्याला हिंदी समजून चालतो. डोळ्यांनी वाचणारा तेवढं चालवून घेतो. कानांनी वाचणाऱ्याचं काय, ते पुढं सांगतो.

कातिबाच्या हातातून

उर्दूचा रस्ता याहून अवघड. नस्तालीक खत ओळीवर बसत नाही, उजवीकडून डावीकडे उतारावरून घसरत येतं. शेजारी कोण आहे ते पाहून एकच अक्षर आपला आकार बदलतं. शिशाच्या खिळ्यांत हे बसवणं जवळपास अशक्य. म्हणून उर्दू वर्तमानपत्रं विसाव्या शतकातही कातिब हातानं लिहीत आणि मग ती शिळाछापावर किंवा ऑफसेटवर छापली जात. चेन्नईचं १९२७ साली सुरू झालेलं 'द मुसलमान' तर या शतकातही हातानं लिहिलं जात होतं.

१९८१ मध्ये कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाईप कंपनीबरोबर नूरी नस्तालीक आणलं. युक्ती अशी की अक्षरं जोडत बसण्याऐवजी जोडून तयार असलेले हजारो आकारच यंत्रात भरायचे. १९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरनं इनपेज काढलं आणि साध्या संगणकावर उर्दू वर्तमानपत्र बनू लागलं. कातिबांची रोजी गेली, हे दुःखही याच कहाणीत आहे.

पण इनपेजमध्ये बनलेलं पान संकेतस्थळावर कसं न्यायचं? उत्तर निघालं ते असं की पानाचा फोटो काढून टाका. कित्येक वर्षं उर्दू वर्तमानपत्रांची संकेतस्थळं म्हणजे चित्रांचे अल्बम होते. दिसायला पान अगदी घरच्यासारखं, सुंदर नस्तालीक. पण त्यात शब्द शोधता येत नसे, एखादी ओळ उचलून कुणाला पाठवता येत नसे, छोट्या पडद्यावर अक्षरं मोठी करावी तर ओळ पडद्याबाहेर जाई. ज्यांनी खरा मजकूर दिला त्यातल्या अनेकांनी नस्ख वळण वापरलं, म्हणजे अरबीसारखं सरळ ओळीवरचं. ते वाचता येतं, पण आमच्या आईला, जी आयुष्यभर नस्तालीक वाचत आली, ते उर्दू वाटतच नसे. "ये तो अरबी है," म्हणून ती फोन परत देई.

२०१४ मध्ये गूगलचा नोटो नस्तालीक उर्दू हा मोफत फाँट आला. २०१७ मध्ये आयफोनवर उर्दू नस्तालीकमध्ये दिसू लागली. उजवीकडून डावीकडे वाहणाऱ्या मजकुराची सोय तर १९९७ च्या एचटीएमएल ४ पासूनच होती. आणि २०१४ मध्येच मोडीही युनिकोडमध्ये आली. म्हणजे आज मोडी, उर्दू, देवनागरी या आमच्या मुलखाच्या तिन्ही लिप्या एकाच रुळावर उभ्या आहेत. इतिहासात पहिल्यांदाच. आता सबब उरलेली नाही.

नियम आले

जगात याचा विचार फार आधी झाला होता. १९९४ मध्ये डेन्मार्कच्या याकोब नील्सेन यांनी वापरायला सोप्या रचनेची दहा तत्त्वं मांडली. त्यातलं एक मला शिक्षक म्हणून पटतं: यंत्रानं माणसाच्या ओळखीच्या शब्दांत बोलावं, आपल्या आतल्या शब्दांत नाही. वर्गात आपण हेच करतो. गाव नमुना सात-बारा हे कचेरीच्या आतलं नाव, पण पिढ्यानपिढ्या वापरून ते लोकांचं झालं. नवं संकेतस्थळ मात्र रोज नवे शब्द आणतं, आणि ते लोकांचे होण्याआधीच बदलतं.

१९९९ मध्ये वेबवरील मजकूर सर्वांना वापरता यावा यासाठी आंतरराष्ट्रीय नियमावली आली. तिचं पहिलंच म्हणणं असं की चित्र दाखवलं तर त्याच्या जोडीला तेच सांगणारा मजकूरही द्या. कारण अंध माणसाचा संगणक मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतो, चित्र त्याला मुकं असतं. नोंदवहीचा नुसता फोटो त्याच्यासाठी कोरं पान आहे. आणि भाषा चुकीची सांगितली तर मराठी मजकूर परक्या उच्चारात कानावर पडतो. २००९ मध्ये भारत सरकारनं आपल्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं हा हक्क कायद्यात आणला. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या माणसांचा प्रश्न होता. ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटायला सांगत, आणि हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना ते शक्य नव्हतं.

हे वाचताना मला काकांचा फोटो आठवला. धडधाकट डोळ्यांचा माणूस, पण त्या पानापुढे तोही आंधळाच होता, आणि उर्दूचा शिक्षक असलेला मीही निम्माच डोळस. अंधासाठी जो मजकूर जोडायचा, तोच काकांना हवा होता.

नावाच्या तीन चौकटी

आता शाळेतला अनुभव. दरवर्षी आम्ही शिक्षक मुलांचे कुठले ना कुठले अर्ज ऑनलाईन भरतो. एका शिष्यवृत्तीच्या अर्जात नावासाठी तीन चौकटी होत्या: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मराठवाड्यातल्या मुसलमानांची नावं कशी लिहितात ठाऊक आहे ना? शेख सलीम शेख करीम. म्हणजे करीम यांचा मुलगा सलीम, आणि दोघांच्याही आधी शेख. हे नाव तीन चौकटींत कसं बसवायचं? एका वर्षी एका शिक्षकानं आडनावात शेख टाकलं, दुसऱ्या वर्षी दुसऱ्यानं सगळं पहिल्याच चौकटीत कोंबलं. त्यात इंग्रजी स्पेलिंग. उर्दूत शेख म्हणजे शीन, ये, खे, तीन अक्षरं, संपलं. इंग्रजीत त्याची चार-पाच रूपं फिरतात. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. यंत्र म्हणतं, नाव जुळत नाही. लाल अक्षरांत एक इंग्रजी ओळ येते आणि अर्ज तिथंच थांबतो. काय जुळत नाही, कुठं दुरुस्त करायचं, हे ती ओळ सांगत नाही.

एका मुलीचा अर्ज असाच त्या वर्षी राहून गेला. रक्कम फार मोठी नव्हती. पण तिच्या वालिदांनी तीन दिवसांची मजुरी बुडवून शाळेत, बँकेत आणि सेतू केंद्रात चकरा मारल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "सर, गलती किस की थी?" माझ्याकडे उत्तर होतं, पण सांगायला जीभ रेटेना. चूक कुणाच्याही नावात नव्हती. चौकटी आखणाऱ्यानं आमच्यासारखं नाव कधी मनात आणलंच नव्हतं.

२०२५ च्या जूनमध्ये वक्फ मालमत्तांच्या नोंदीसाठी उमीद पोर्टल सुरू झालं. सहा महिन्यांची मुदत होती. तेव्हा मशिदींचे, दर्ग्यांचे मुतवल्ली जुने मुन्तखब घेऊन दारात येऊ लागले. तीच शिकस्ता, तेच फसली साल, तेच सियाक आकडे. कागद आधी वाचायचा, मग इंग्रजी चौकटींत भरायचा. काका नातवाला घेऊन आले होते, हे मुलाला घेऊन. एकाला जातीची नोंद हवी, दुसऱ्याला मशिदीच्या जमिनीचा गट. दोघांचं दप्तर एक, दोघांची अडचण एक, आणि दोघांच्या मधला माणूसही एकच. आपल्याकडे कोण कोणाविरुद्ध हे मोठ्यानं सांगणारे पुष्कळ आहेत. माझ्या ओट्यावर मात्र दोघं एकाच बाकावर बसले.

काय करता येईल

मी संगणकाचा माणूस नाही. पण ओट्यावर बसून जे दिसलं ते सांगतो.

जुन्या कागदाचा फोटो टाकला, तर त्याच्या खाली चार ओळी देवनागरीत असाव्यात: गाव, नाव, साल, नोंद कशाची. फसली सालासमोर इसवी सन असावं. वाचणाऱ्यानं ते एकदा वाचलेलंच असतं, त्याशिवाय नोंद सापडली हे कुणी ठरवलं? मग ते वाचन कागदावर राहू देऊ नये, पानावर यावं.

शोधताना शेख म्हटलं की शेखची सगळी रूपं सापडावीत. नावासाठी एकच लांब चौकट असावी, आणि माणूस आपलं नाव जसं सांगतो तसं त्यात लिहिता यावं. चूक झाली तर काय चुकलं आणि आता काय करायचं, हे मराठीत सांगावं. पान साध्या मोबाईलवर, कमी रेंजमध्ये, उन्हात उभं राहून वाचता यावं. आणि पान खुलं करण्याआधी एकदा, फक्त एकदा, सत्तरीच्या काकांना आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला ते वापरायला द्यावं. आपण मागं उभं राहावं, बोलू नये. बी.एड.ला आम्हाला पाठ घेताना हेच शिकवलं होतं. मुलाला कळलं नाही, तर तपासायचा तो पाठ.

चांगली उदाहरणं आपल्याचकडे आहेत. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. त्या एका सहीसाठी पूर्वी तलाठ्याच्या दारात किती खेटे पडत, ते खेड्यातल्या माणसालाच विचारा. एक मधला माणूस तिथं कमी झाला, आणि जमीन काही कोसळली नाही.

आता स्वतःबद्दल थोडं खरं बोलतो. कुणी कागद घेऊन दारात आलं की बरं वाटतं. "सरांना उर्दू येते" हा मान आहे. दादांच्या ज्वारीसारखाच तो एक मोबदला आहे. उर्दू टिकावी, नव्या पोरांनी शिकस्ता शिकावी, मोडी शिकावी, हे मला मनापासून वाटतं. पण ती शिकावी ती शायरीसाठी, इतिहासासाठी, आपल्या पूर्वजांचं हस्ताक्षर ओळखण्यासाठी. आपल्याच शेताचा कागद वाचायला कुणाला माझ्या दारी यावं लागू नये.

काका परवा बाजारात भेटले. नातवानं नवा फोन घेतलाय म्हणाले. मी म्हटलं, "काही वाचून हवं असेल तर या."

ते हसले. "येऊ की सर. पण चहाला येऊ, कागद घेऊन नको."

मलाही तेच हवंय.